नीरेत साखरेपलीकडे काय आहे? कमला सोहोनींची गोष्ट

मोखाड्याच्या शाळेतली प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग, म्हणजे स्टार्च. ग्लुकोजच्या पाण्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून गरम केलं की विटकरी रंग. आणि घरच्या साखरेच्या पाण्यात? निळं ते निळंच! साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे जोडलेले असतात की द्रावणातल्या तांब्यावर त्यांची क्रिया होत नाही.

ताज्या नीरेतली साखरही मुख्यतः सुक्रोजच. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा रस, तोच आंबला की ताडी. तो गोड आहे हे जीभही सांगते. पण त्यात पोषण किती, हे परीक्षानळीच्या रंगावरून कळत नाही. ते शोधलं कमला सोहोनी यांनी.

माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष प्रोबेशनवर. (आयटीत आपल्यालाही प्रोबेशन असतं, पण ते सगळ्यांनाच असतं!) त्यांचं काम पाहून पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

मग केंब्रिज. तिथे त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेचं काम तिथेच झालं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व, शिवाय लोह चांगल्या प्रमाणात निघालं. रस आटवून गूळ केला तरी ते टिकत होतं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली, तर तब्येत सुधारलेली दिसली. जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाच्या बातम्या वाचत मोठं झालेल्या माझ्यासारख्याला यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुढे त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, अन्नातल्या भेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत स्वतःच्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.