सोलापूरच्या डॉक्टरची कबर चीनमध्ये आहे, आणि दर एप्रिलमध्ये तिच्यावर फुलं वाहिली जातात

एप्रिलचा पहिला आठवडा. आपल्याकडे उन्हाचा चटका सुरू झालेला असतो, आणि चीनमध्ये लोक फुलं घेऊन स्मशानाच्या वाटेला लागलेले असतात. हबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांची मोठी दफनभूमी आहे. तिथल्या एका कबरीवर त्या दिवशी अनोळखी लोक फुलं ठेवतात. कबरीतला माणूस चिनी नाही. तो आहे सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

त्या सणाचं नाव छिंगमिंग. आता हा सण काय आहे आणि सोलापूरचा माणूस त्यात कसा पोचला, तेच बघू.

छिंगमिंग म्हणजे स्वच्छ, उजळ. वसंतातली मोकळी हवा. चिनी सण बहुतेक चंद्रावर चालतात, हा मात्र सूर्यावर चालतो. त्यामुळे तो दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपासच येतो. घरातली माणसं एकत्र जमून पूर्वजांच्या कबरीवर जातात, वाढलेलं गवत काढतात, झाडलोट करतात, खायचे पदार्थ आणि फुलं ठेवतात, कागदी पैसे जाळतात. मग तिथेच बसून खातात, पोरं पतंग उडवतात. म्हणजे सुतकी वातावरण नसतं. आपल्या विदर्भात अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घट भरून पितरांना जेवू घालतात, साधारण त्याच जातकुळीतला हा दिवस. २००८ पासून चीनमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते.

याच्या मागे एक जुनी दंतकथा सांगतात.

अडीच हजार वर्षांहून आधीची गोष्ट. जिन नावाच्या राज्याचा राजपुत्र परागंदा झाला होता. खायचे वांधे झाले तेव्हा जिए झितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला जगवलं. पुढे राजपुत्र गादीवर बसला, सगळ्यांना बक्षिसं वाटली, पण झितुईला विसरला. झितुई आईला घेऊन डोंगरात निघून गेला. राजाला चूक कळली, त्याने बोलावणं धाडलं, पण हा काही येईना. शेवटी त्याला बाहेर काढायला राजाने रानालाच आग लावली. मायलेक दोघंही जळून मेले. त्या पश्चात्तापातून त्या दिवशी चूल न पेटवता थंड अन्न खायची रीत पडली, असं म्हणतात. पुढे तो थंड अन्नाचा सण आणि छिंगमिंग एकमेकांत मिसळून गेले.

त्या जिन राज्याचा मुलूख म्हणजे आजचा शान्शी प्रांत. आणि नेमकं याच भागात कोटणीस पोचले.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात मध्यमवर्गीय घरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घेऊन चांगली प्रॅक्टिस जमवायची, असा सरळ मार्ग समोर होता.

पण १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे चीनचा अर्थ असलेला हुआ हा शब्द जोडला गेला. कोटणीस झाले के दिहुआ.

काही महिन्यांतच घरून बातमी आली की वडील गेले. परत जायची मोकळीक होती. मुलाने अशा वेळी घरी असावं, हा तर आपल्याकडचा साधा नियम. कोटणीस मात्र परतले नाहीत. हातातलं काम टाकून जाणं त्यांना पटलं नाही.

१९३९ च्या सुरुवातीला पथक माओंच्या यानान तळावर पोचलं. पुढे अटल, चोळकर आणि मुखर्जी मायदेशी आले. कोटणीस उलट आघाडीच्या दिशेने सरकले. डोंगरातली खेडी, औषधांचा तुटवडा, आणि जखमींची रांग संपायची नाही. १९४० च्या लढाईत त्यांनी ७२ तासांपर्यंत झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

हे बेथ्यून म्हणजे कॅनडाचे सर्जन. आघाडीवरच रक्तात विष भिनून १९३९ मध्ये ते गेले होते. त्यांच्या कबरीच्या उद्घाटनाच्या वेळीच कोटणीसांची भेट गुओ छिंगलान या नर्सशी झाली. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण तोपर्यंत अतिश्रमाने तब्येत ढासळली होती. अपस्माराचे झटके वाढत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले. वय ३२. मुलगा अजून चार महिन्यांचाही नव्हता. आधी तिथल्याच एका गावात त्यांना पुरलं, पुढे अस्थी शिजियाझुआंगला नेल्या. बेथ्यून यांची कबरही आता त्याच दफनभूमीत आहे.

चार वर्षांनी, १९४६ मध्ये, व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आला आणि गोष्ट भारतभर पोचली. घरच्यांच्या वाट्याला मात्र अजून दुःख होतं. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, तो १९६७ मध्ये ऐन पंचविशीत गेला. छिंगलान सासरच्या माणसांना भेटायला अनेकदा भारतात आल्या. २०१२ मध्ये त्यांचंही निधन झालं.

आता एक गोष्ट विदर्भातली. वर्धा जिल्ह्यात तळेगाव (श्यामजी पंत) ज्या तालुक्यात आहे, त्या आष्टीत १९४२ च्याच १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गोळीबारात माणसं गेली. तो नागपंचमीचा दिवस होता. आजही नागपंचमी आली की आष्टीत हुतात्म्यांना अभिवादन होतं. घरोघरी त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, ती रीत वेगळ्या कारणाने आलेली. पण आष्टीकरांसाठी सण आणि आठवण एकाच दिवशी येतात.

छिंगमिंगचंही तसंच झालं. घरच्या पितरांसाठी असलेल्या सणात देशासाठी गेलेल्यांच्या कबरीही आल्या. आणि त्यात एक परक्या देशातला माणूसही आला. जो मुलगा वडील गेले तेव्हा घरी जाऊ शकला नाही, त्याच्या कबरीवरची धूळ आता दर वसंतात परकी माणसं झाडतात.