खाणपट्ट्यानं आठवावा असा शिक्षक-कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सुर्ला (डिचोली) : साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून गेलं की पलीकडे बेळगाव. सुर्ला, वेळगे, पाळी या खाणपट्ट्यातल्या लोकांचं तिथं नेहमीचं येणं-जाणं. याच बेळगावात एका माणसानं सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून कारखाना उभारला आणि शाळेत न टिकलेल्या पोरांना कारागीर केलं. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचं मन पुस्तकी अभ्यासात रमत नव्हतं. ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. वडिलांचा विरोध असतानाही ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. पण त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचं ड्रॉइंग सोडलं नाही.

त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. आज ही संस्था व्हीजेटीआय म्हणून ओळखली जाते. वर्गात ड्रॉइंग शिकवायचं आणि मोकळ्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं स्वतः चालवून बघायची, असा त्यांचा क्रम. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा हक्क त्यांचा असूनही ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि थेट बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या साथीनं सायकल विक्री आणि दुरुस्ती सुरू होतीच. त्यातून छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. एवढ्यात नगरपालिकेनं नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करायला लावली.

तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान मिळालं. सगळीकडे निवडुंग आणि साप. तिथं किर्लोस्करवाडी वसली.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा याच वाडीत आहे. लक्ष्मणरावांनी सर्टिफिकेट बघून माणसं घेतली नाहीत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. अभ्यासात मागे पडलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं गेलं आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही नियम होता. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं थांबलं, कोळसा आणि लोखंड मिळेना, तरी याच माणसांनी कारखाना चालू ठेवला. मुंबईत शिक्षक म्हणून जी बढती नाकारली गेली, ती लक्ष्मणरावांनी वाडीत दुसऱ्यांना दिली, असंच म्हणावं लागेल.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्याआधी 1950 मध्ये देशात कारागीर प्रशिक्षण योजना आली होती. आपल्या आयटीआय त्याच योजनेखाली चालतात. त्यांच्या मागं 1961 मध्ये अ‍ॅप्रेंटिस कायदा झाला आणि ठरावीक कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. म्हणजे वाडीत एका माणसाच्या हिमतीवर जे चाललं होतं, ते देशासाठी कागदावर आलं. पण कायद्यानं जागा मिळते. शिकाऊ पोराच्या हातात खरं काम द्यायचं की नुसता झाडू, हे शेवटी मालक आणि फोरमनच ठरवतात.

खाणपट्ट्याला हा फरक चांगला कळतो. इथली कितीतरी पोरं कुठल्याही वर्गात न बसता ट्रक, लोडर, वेल्डिंग शिकली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं, आणि हातातलं काम गेलं. कसब होतं, पण खाणीबाहेर ते दाखवायला कागद नव्हता. दुसरीकडे आयटीआयचा कागद घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेकांना मशीनवर पुरेसा हात बसलेला नसतो.

लक्ष्मणरावांनी वर्ग आणि वर्कशॉप यांत भिंत ठेवली नाही. स्वतः ड्रॉइंग शिकवतानाही ते मशीनकडेच वळत होते. प्रशिक्षणाची नवी धोरणं येतील नि जातील. डिचोलीत आयटीआय आहे, आजूबाजूला कारखाने आहेत. आपल्या पोराचं नाव घालण्यापूर्वी तिथं आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष मशीनवर मिळतात, एवढं जरी सुर्ल्यातल्या आई-बापांनी विचारलं, तरी सुरुवात झाली म्हणायची.