गंजक्या बंदुकीमुळे भेटलेला ब्रियर्ली

आमच्या गावी माळ्यावर एक जुनी छऱ्याची बंदूक पडून होती. दिवाळीच्या सुट्टीत मी ती खाली काढली, नळी पॉलिश पेपरने घासली आणि वर काळा स्प्रे मारला. एकदम नवीकोरी! पंधरा दिवसांत रंगाचे पापुद्रे सुटले. नळीवर जुनं तेल होतं. आधी थिनरने तेल काढायचं आणि मग घासायचं, हा क्रम मी चुकलो. घासून तेल ओरखड्यांत आणखी बसवलं. खड्ड्यांतला गंजही तसाच राहिला. मेटलर्जीच्या सरांना हे सांगितलं, तर ते हसले आणि हॅरी ब्रियर्लीचं चरित्र वाच म्हणाले.

ब्रियर्लीचा जन्म १८७१ सालचा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील पोलाद वितळवण्याच्या भट्टीवर कामगार. घरची परिस्थिती बेताचीच. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्याच कारखान्यात, थॉमस फर्थ अँड सन्समध्ये लागला. पुढे तिथल्याच केमिकल लॅबमध्ये पडेल ते काम करू लागला. रात्रीचे वर्ग आणि स्वतःचं वाचन यांवर तो पोलादाचं रसायनशास्त्र शिकला. १९०८ साली फर्थ आणि जॉन ब्राऊन या कंपन्यांनी मिळून संशोधन प्रयोगशाळा काढली, तेव्हा प्रमुख म्हणून नेमला गेला तो हाच. डिग्री नाही, काही नाही! (आपल्यापैकी कित्येकांना चौथ्या सेमलाही लॅब कुठल्या मजल्यावर आहे ते विचारावं लागतं.)

१९१२ मध्ये त्याच्याकडे रायफलच्या नळ्यांचा प्रश्न आला. गोळीमागच्या तप्त वायूंनी नळी आतून झिजायची. क्रोमियम जास्त घातलं तर पोलाद टिकेल, असा त्याचा अंदाज. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचं पोलाद ओतून घेतलं.

आता गंमत बघा. मायक्रोस्कोपखाली रचना दिसावी म्हणून नमुना आरशासारखा पॉलिश करून त्यावर नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण लावतात. आपण प्रॅक्टिकलला नायटल लावतो, तेच. पण या पोलादावर आम्ल नीट चढेचना. दुसरा कोणी असता तर नमुना फेकून दिला असता. ब्रियर्लीने व्हिनेगर आणि लिंबाचा रसही लावून पाहिला. डाग नाही! पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. साध्या लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र, रंगाखालून पसरतच जातो.

शेफील्ड म्हणजे सुऱ्या-काट्यांचं गाव, म्हणून त्याने हे पोलाद सुऱ्यांसाठी सुचवलं. कारागिरांनी आधी त्याची टरच उडवली. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा म्हणून त्याला हिणवलं गेलं. कंपनीलाही फारशी घाई नव्हती. पुढे शोधाच्या हक्कावरून वाद झाला आणि १९१५ मध्ये, बत्तीस वर्षांनी, त्याने फर्थ सोडली. मला हा भाग वाचून फार वाईट वाटलं. अर्थात जर्मनीत क्रुप कंपनीत आणि अमेरिकेत हेन्सही याच वाटेवर होते, तेव्हा सगळं श्रेय एकट्या ब्रियर्लीला देणंही चूकच. १९२० मध्ये त्याला बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९४८ साली तो वारला.

बंदुकीचं म्हणाल, तर थिनरची बाटली आणलीय. या वेळी आधी पुसणार, मग घासणार आणि प्रायमर लावल्याशिवाय स्प्रेला हात लावणार नाही.