लॉर्ड रॅले: ध्वनीच्या सूक्ष्म धक्क्याचे गणित

आज प्रयोगशाळेत ध्वनिलहरींच्या साहाय्याने रक्ताच्या थेंबातील पेशी स्पर्श न करता वेगळ्या काढता येतात. या तंत्राचा पाया घातला इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच लॉर्ड रॅले (१८४२–१९१९) यांनी. असा उपयोग मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

रॅले एसेक्समधील जमीनदार घराण्याचे वारस होते. लग्नानंतर लवकरच, १८७२ मध्ये, संधिवाताच्या तापाने त्यांच्या जिवावर बेतले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईलवरच्या नौकेत त्यांनी ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाचे लेखन सुरू केले. त्याचे दोन खंड १८७७ व १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान वडील वारले आणि सरदारकी त्यांच्याकडे आली. पण जमिनीचा कारभार धाकट्या भावाकडे सोपवून ते टर्लिंगच्या घरातील प्रयोगशाळेत रमले.

जर्मन शास्त्रज्ञ कुंट यांनी काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून ध्वनी निर्माण केला होता. नळीत भुकटीच्या ठरावीक अंतरावर राशी पडत आणि हवेचे प्रवाहही फिरत. ध्वनीत हवा नुसती पुढे-मागे हलते, मग हा एकाच दिशेचा सततचा प्रवाह येतो कुठून? १८८४ मध्ये रॅले यांनी उत्तर दिले: भिंतीलगत हवेचे घर्षण होते, त्यामुळे पुढच्या-मागच्या हालचाली एकमेकींना पूर्ण रद्द करत नाहीत. उरलेला किंचित फरक साचत जाऊन हवा फिरू लागते. गंमत म्हणजे, घर्षणाशिवाय हा प्रवाह निर्माणच होत नाही, तरी त्याच्या वेगाच्या सूत्रात घर्षणाचा अंक येत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींचे गणित मांडले. या लहरी खोलवर जात नाहीत, म्हणून भूकंपात त्या महत्त्वाच्या ठरतील असे त्यांना वाटले, आणि ते खरे निघाले.

१९०४ चे नोबेल त्यांना मिळाले ते वायूंच्या घनतेचे मापन आणि अरगॉनच्या शोधासाठी. ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली.

१९६५ मध्ये स्फटिकावर कंगव्यासारखे विद्युतअग्र बसवून याच पृष्ठलहरी सहज निर्माण करता येऊ लागल्या. अशा स्फटिकावर द्रवाचा थेंब ठेवला, की लहर त्यात शिरते, द्रव ढवळते आणि पुरेशी जोरदार असेल तर थेंबालाच पुढे ढकलते. नळीतल्या भुकटीचे कोडे असे चिपवरच्या पेशींपर्यंत पोहोचले.