ज्यांनी भूक पाहिली होती : पंडिता रमाबाई



महागाई वाढते, नोकरीची शाश्वती राहत नाही, तेव्हा घरखर्चातून आपण प्रथम काय कमी करतो? बहुधा दानाचा वाटा. आपली घडी नीट बसली की मग इतरांचे पाहू, असे आपण मनाचे समाधान करतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक होते. तीर्थयात्रा व दानधर्म यांत त्यांची पुंजी सरली, आणि १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने त्यांना गाठले. मोलमजुरीची सवय नव्हती. हात पसरण्याची लाज वाटे. भांडी, वस्त्रे विकली गेली. रानातला पाला खाऊन दिवस काढले. अखेर वडील, आई आणि थोरली बहीण ही पाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले व १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, हा क्रम आपणांस ठाऊक आहेच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले.

आता त्यांच्या हिशेबाकडे पाहा. सदनाचा खर्च अमेरिकेतील एका मंडळाने उचलला होता. पण ते साहाय्य दहा वर्षांपुरतेच होते आणि १८९८ मध्ये मुदत संपणार होती. पुढे काय, ही चिंता होतीच. म्हणून बाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, ही त्यांची दूरदर्शी योजना होती.

बाग अजून नवी असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला. वाचकहो, हात आखडता घेण्यास याहून सबळ कारण कोणते असते? हाती शिल्लक नाही, मदतीची मुदत संपत आलेली, पुण्यात प्लेगचे थैमान. तरीही बाई निघाल्या. निराधार मुली व तरुण विधवा यांची दैना त्यांनी स्वतः पाहिली. त्यांच्या असहायतेचा गैरफायदा घेणारेही तेथे टपलेले होते. वीस वर्षांपूर्वी आपणही अशाच रानोमाळ हिंडत होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. सुमारे ३०० जणींना त्यांनी आपल्या छायेखाली आणले. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावचे शेत उघडे होते. भविष्याच्या तरतुदीसाठी घेतलेली ती भूमी आजच्या भुकेल्यांचे घर झाली. तेच मुक्ती सदन.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि ही संख्या दीड हजारांवर गेली. अन्नाबरोबर त्यांना अक्षरे मिळाली, विणकाम, शेती, छपाई असे उद्योग मिळाले. घेणारे हात काम करणारे हात झाले. बाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. त्यांच्यामागेही केडगावचे कार्य चालू राहिले.

बाईंनी तरतूद करणे सोडले नाही, हे ध्यानात घ्या. त्यांनी बाग लावली, हिशेब ठेवले, साहाय्य मागितले. परंतु तरतूद ही देवाच्या हाती सोपवलेली वस्तू आहे, दाराला लावलेला अडसर नव्हे, हे त्यांनी ओळखले. सारफथच्या विधवेनेही मडक्यातले शेवटचे मूठभर पीठ असेच वापरले होते.

भूक भोगलेला मनुष्य दोन प्रकारे वागतो : एक तर मूठ घट्ट आवळतो, नाही तर ती उघडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आजी-आजोबांच्या हलाखीच्या कथा अजून सांगितल्या जातात. त्या कथांनी आपली मूठ आवळली आहे की उघडली आहे? या महिन्याचा हिशेब मांडताना दानाची ओळ खोडण्यापूर्वी, प्रिय वाचका, हा प्रश्न प्रभूपुढे शांतपणे ठेवून पाहा.