चाफेकरांनी राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर निघेना, शेवटी विल्सन कॉलेजच्या प्रोफेसरने ते काढून दाखवलं

गोष्ट आहे ऑक्टोबर १८९६ ची. मुंबईच्या फोर्ट भागात राणी व्हिक्टोरियाचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो शहराला भेट दिला होता. एके दिवशी सकाळी लोक बघतात तर राणीच्या तोंडाला डांबर आणि गळ्यात चपलांचा हार. हे काम होतं चाफेकर बंधूंचं. पुढे रँडच्या खुनात पकडले गेल्यावर दामोदर चाफेकरांनी स्वतःच ते कबूल केलं.

सरकारची पुरती नाचक्की झाली. हार लगेच काढला, पण डांबर काही निघेना.

का निघेना? संगमरवर गुळगुळीत दिसला तरी त्याला बारीक छिद्रं असतात, डाग आत मुरतो. घासावं तर ओरखडे पडतात. ॲसिड लावावं तर डाग तसाच राहतो आणि दगडच विरघळतो. डांबरावर पाण्याचा परिणाम होत नाही. त्यातल्या बऱ्याच रेणूंमध्ये कार्बनच्या सहा-सहा अणूंची कडी असतात आणि ती सहजासहजी तुटत नाहीत.

युरोपियन तज्ज्ञांनी हात टेकले. तेव्हा पुढे आले गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. त्यांनी पुतळा पुन्हा पांढरा करून दाखवला आणि त्यांचं नाव एकदम गाजलं.

आता कोणी म्हणेल, एकाने जीवावर उदार होऊन डांबर फासलं आणि दुसऱ्याने ते पुसून इंग्रजांची सेवा केली. पण गज्जर यांचं बाकीचं आयुष्य बघितलं की वेगळंच चित्र दिसतं.

जन्म १८६३ चा, सुरतचा. गज्जर म्हणजे सुतार. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात. पुढे ते बडोद्यात प्रोफेसर झाले. तो काळ कृत्रिम रंगांचा होता. १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या रसायनापासून जांभळा रंग तयार केला होता. त्यानंतर जर्मन कारखान्यांनी अशा रंगांचा धडाका लावला आणि आपल्याकडच्या रंगाऱ्यांचा धंदा बसायला लागला. म्हणजे ज्याला आपण काळं डांबर म्हणून टाकून देतो, त्यातून दुसरे लोक सोनं काढत होते. हे ज्ञान आपल्या कारागिरांना त्यांच्याच भाषेत मिळायला हवं, हे गज्जर यांनी ओळखलं.

सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं. तिथे कापड रंगवण्यापासून यंत्रकामापर्यंतचं शिक्षण गुजरातीतून मिळायचं. आपले दादासाहेब फाळकेही याच कलाभवनात शिकले. रंगकामावर गज्जर यांनी ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही काढलं.

१८९६ मध्ये ते मुंबईत आले. डाग पडलेले मोती पांढरे करायची पद्धत त्यांनी शोधली आणि त्यातून बक्कळ पैसा कमावला. गिरगावात त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभी केली आणि तिथे भारतीय तरुणांना रसायनशास्त्र शिकवलं. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या शिष्यांना घेऊन परळमध्ये छोटा कारखाना काढला. त्यातूनच १९०७ मध्ये बडोद्याची ‘अलेम्बिक’ कंपनी उभी राहिली. औषधांची ही कंपनी आजही सुरू आहे. गज्जर १९२० मध्ये गेले.

आज जगभर ज्या कार्बन नॅनोट्यूबवर संशोधन चालतं, तिच्यातही कार्बनची तीच सहा अणूंची कडी असतात, फक्त त्यांची जाळी नळीसारखी गुंडाळलेली असते. ही नळीसुद्धा पाण्यात विरघळत नाही. तिच्या भिंतीला दुसरं काही जोडायचं तर आधी काही बंध उघडावे लागतात.

आणि तो पुतळा? तो आता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. राणीच्या बागेत गेलात तर आठवणीने बघून या.