ना या पंथाच्या, ना त्या पंथाच्या : केडगावच्या पंडिता रमाबाई

डोंगरकडा (ता. कळमनुरी) : ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. शाळेच्या पुस्तकात त्या विधवांसाठी काम करणाऱ्या समाजसुधारक म्हणून येतात आणि धडा संपतो. त्या ख्रिस्ती झाल्या, हे एका ओळीत उरकलं जातं. पण त्यांच्या आयुष्यातला मोठा झगडा त्या एका ओळीतच दडलाय. ख्रिस्ती झाल्यावर कोणत्या मंडळीचं व्हायचं, कोणाची शिकवण खरी धरायची, आणि चारही बाजूंनी लोक तू चुकलीस म्हणत असताना आपल्या विश्वासावर कसं टिकायचं, यात त्यांची चाळीसेक वर्षं गेली.

खरं तर हा झगडा घरातूनच आला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं तर गावोगावचे शास्त्री उठले. बाईला देवभाषा शिकवणं म्हणजे धर्म बुडवणं, असा आरोप. उडुपीला शास्त्र्यांच्या सभेपुढं त्यांना उभं राहावं लागलं. त्यांनी पोथ्यांतलेच आधार काढून दाखवले आणि सुटले. पुढं कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात घर बांधून राहिले. तिथंच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला. आईनं पोरीला भागवत तोंडपाठ करून दिलं.

आलं-गेलं, पै-पाहुणा यात जमीन गेली, घर गेलं. कुटुंब पायी तीर्थं हिंडू लागलं. देवळात पुराण सांगायचं, कोणी दोन मुठी धान्य घातलं तर खायचं. १८७४ नंतरच्या दुष्काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण सोळा वर्षांच्या पोरीनं एकामागं एक तीन मयती उचलाव्या, ही गोष्ट वेगळी. ती आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेद हातात ठेवून वाच म्हटलं. वाचत गेल्या तसं त्यांच्या लक्षात आलं की शास्त्रं एकमेकांशी शंभर बाबतींत भांडतात, पण बाई आणि शूद्र यांना मोक्षाची वाट मोकळी नाही, यावर बहुतेकांचं एकमत आहे. इथं त्यांची जुन्या धर्मावरची श्रद्धा सुटायला लागली.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, त्यामुळं दोघांवर बहिष्कार. सिल्चरच्या घरात त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं, ते त्यांनी आवडीनं वाचलं. नवऱ्याला हे फारसं रुचलं नाही. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोवर फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्याच पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळं ते जमलं नाही. जाताना ख्रिस्ती होणार नाही असं सांगून गेल्या होत्या. वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या, त्यांचं काम पाहिलं. वाट चुकलेल्या बायकांना त्या जवळ घेत होत्या. आपल्याकडं अशा बाईला दारात उभं करत नाहीत, हे रमाबाईंना जाणवलं. पुण्यातून नीळकंठशास्त्री गोरे यांचंही लिखाण त्यांच्याकडं आलेलं होतं. हे गोरेशास्त्री काशीचे पंडित, आधी ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिणारे, मग स्वतःच ख्रिस्ती झालेले. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. आणि इथून पुढं, आपल्या लोकांनी टाकलेली ही बाई, ज्यांच्यात गेली त्यांच्याशीही भांडायला लागली.

त्यांनी इंग्लंडमध्ये पाहिलं की ख्रिस्त एक आणि त्याच्या नावानं दुकानं अनेक. अँग्लिकन मंडळीतच उंच आणि खालचा असे दोन गट. शिवाय बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, रोमन कॅथलिक. प्रत्येकाचं म्हणणं, खरी शिकवण आमच्याकडंच. त्यांना वाटलं, शास्त्र्यांच्या भांडणातून सुटलो आणि तसल्याच भांडणात येऊन पडलो. आपल्याला यात नवल नाही. एकाच गावात दोन सप्ते, दोन मांडव, आणि या मांडवातला त्या मांडवात पंगतीला बसत नाही, हे आपण पाहतोच.

त्यांना धर्मात घेणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, रमानं आता मंडळीचं ऐकावं. मंडळीचा पंथमतांचा जाहीरनामा मान्य करावा, त्रैक्याचा सिद्धांत जसा सांगतात तसा धरावा. रमाबाई म्हणत, ख्रिस्ताला मी तारणारा मानलंय, त्याचं ऐकेन. पण मंडळीनं नंतर रचलेलं वाक्य बायबलात कुठं आहे ते दाखवा. देव, पिता, पुत्र, कुमारीच्या पोटी जन्म, सगळ्यावर प्रश्न. जेराल्डीनना हा गर्व वाटला, खोट्या शिकवणीकडं वाहवत जाणं वाटलं. बाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत होत्या. तिथं त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनीसुद्धा मोडता घातला. खाण्यावरूनही कुरबूर. त्या शाकाहारीच राहिल्या, अंडं घातलेला गोड पदार्थही खात नसत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यांना ती संस्कृतात हवी होती. ही पत्रं जेराल्डीननं जपून ठेवली आणि १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपानं निघाली. वाचताना एक दिसतं, की दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, म्हणून भांडण एवढं लांबलं. परक्याशी कोणी इतकी पत्रं लिहीत नाही.

रमाबाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांना त्या वेळी पटत नसलेल्या कित्येक गोष्टी पुढं त्यांनी स्वतःच मान्य केल्या. पण कोणी हुकूम सोडला म्हणून मान्य केल्या नाहीत. वाचून, प्रार्थना करून, दहा वर्षं घेऊन मान्य केल्या. आपल्या मते, यात शेतकऱ्याची रीत आहे. बियाणं कोणी कितीही चांगलं म्हणो, एक हंगाम आपल्या रानात घेतल्याशिवाय खरं नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, मदतीला संस्था उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढं त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन नंतर पुण्याला हललं. करार असा, की इथं धर्म शिकवायचा नाही. सल्लागारात रानडे आणि भांडारकर.

आता इथं गोष्ट अवघड होते. रमाबाई स्वतः सकाळी प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं, ‘केसरी’नं धार धरली, रानडे-भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावलं नाही, पण माझ्या देवाला मी लपवणारही नाही. दुसऱ्या बाजूचंही समजून घेतलं पाहिजे. रानडे आणि भांडारकर काही हटवादी माणसं नव्हती. ज्या बापानं गावकीचा रोष घेऊन विधवा पोर पाठवली, तो भरवशावर पाठवत होता. आणि ज्या बाईनं सगळं दिलं तिचाच देव पोरीला खरा वाटणार, हे कोणालाही कळतं. हा प्रश्न तेव्हा सुटला नाही, आजही सुटलेला नाही.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचताना त्यांना लख्ख जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता. तिथून त्यांची डगमग थांबली. आणि गंमत अशी, की विश्वास पक्का झाला तसा पंथाचा पाश आणखी सुटला. त्या कोणत्याच मिशनच्या झाल्या नाहीत.

त्या वेळी महाराष्ट्र मिशनांनी वाटून घेतल्यासारखा होता. नगरला अमेरिकन मराठी मिशन, नाशिकला अँग्लिकन. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं होतं. जो ज्या मिशनच्या हद्दीत ख्रिस्ती झाला तो त्या पंथाचा. विलायतेतलं भांडण काय होतं हे त्याला ठाऊकही नसायचं, पण ते त्याच्या नावाला चिकटायचं. या मंडळ्या एकत्र यायला फार वेळ लागला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची एक मंडळी झाली. रमाबाईंना जाऊन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

त्यांनी मात्र आधीच केडगावला ते करून टाकलं होतं. पुण्याजवळ, दौंड तालुक्यात, त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतलेली होती. फळबाग लावायची, सदनाचा खर्च भागवायचा, असा बेत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, त्या मध्य प्रांतात जाऊन मरायला टेकलेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळं ठेवता येईना म्हणून केडगावच्या रानात झोपड्या टाकल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इसापूरचं पाणी येण्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांनी हिशेब करावा : कोरडं रान, दोन हजार तोंडं, आणि पगारी माणसं जवळपास नाहीत. त्यांनी विहिरी खोदल्या, माग लावले, तेलघाणी, दुभती जनावरं, छापखाना उभा केला. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. मदतीला आलेल्या बायांत मेथडिस्ट होत्या, बॅप्टिस्ट होत्या, अमेरिकन, इंग्रज होत्या. पाटी कोणत्याच पंथाची लावली नाही.

मग १९०५ आलं. मुलींचे गट रोज प्रार्थना करत होते. जूनच्या शेवटी एका रात्री सुरुवात झाली आणि काही दिवसांत शेकडो मुली रडू लागल्या, मोठ्यानं पापं कबूल करू लागल्या, नाचू लागल्या. पुढं काही जणी अनोळखी भाषेत बोलू लागल्या. शाळेचे वर्ग बंद पडले. बऱ्याच मिशनऱ्यांनी नाकं मुरडली : हे अंगात येणं झालं, हा धर्म नव्हे. रमाबाईंचं म्हणणं, इंग्रजासारखं गुपचूप बसूनच देव भेटतो असं कुठं लिहिलंय? आपल्या लोकांना आपल्या रीतीनं रडू द्या. पण जिला असा अनुभव आला नाही तिचा विश्वास कच्चा, असंही त्यांनी कधी ठरवलं नाही. मला वाटतं, दोन्हीकडून ओढ असताना ही जागा धरून ठेवणं सर्वांत कठीण.

त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी यावर छोटं पुस्तक लिहिलं. ते दक्षिण अमेरिकेत चिलीला, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडं पोहोचलं. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत तसंच घडलं, पण वरच्यांना मानवलं नाही आणि १९१० पर्यंत मंडळी फुटली. केडगावला ज्यानं एकत्र बांधलं त्यावरूनच वाल्पाराइसोला फाटाफूट झाली. एक फरक दिसतो. केडगावात रमाबाई होत्या, त्यांचा शब्द अखेरचा होता. एका माणसाच्या वजनावर टिकलेली एकी त्या माणसानंतर कशी राहायची, हा विचार त्यांनी मनोरमेला तयार करून केला होता. मनोरमेनं निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी करायला हात लावला. आपला हिंगोली भागही त्याच राज्यात होता, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पण २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. वय चाळीस.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर आधीपासून होतं. पण त्यात संस्कृत शब्दांचा भरणा, आणि त्या शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटून येतात, त्यामुळं साध्या बाईला भलताच अर्थ कळतो, असं त्यांचं मत. हे म्हणणारी बाई स्वतः ‘सरस्वती’ पदवीची, हे लक्षात घ्या. त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत सगळं पुन्हा लिहिलं. खिळे जुळवायला दुष्काळात वाचलेल्या मुली. ज्या पुस्तकावरून एवढी भांडणं होतात ते दुसऱ्याच्या सांगण्यावर न ठेवता ज्याच्या त्याच्या हातात द्यावं, आणि कळेल असं द्यावं, हा हेतू. मंडळ्यांमध्ये पुढं बायबल सोसायटीचंच भाषांतर चाललं. एकटीनं केलेलं काम म्हणून हे मागं पडलं असावं.

ऐकू येत नव्हतं, लेक गेलेली, तरी त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

मुक्ती मिशन अजून चालू आहे. नांदेडहून पुण्याला जाणारी गाडी दौंडवरून जाते. केडगाव दौंडच्या पुढं, पुण्याच्या बाजूला लागतं.